पुसण्याआधी पुसावे

आपल्या मराठीत 'डाग' हा शब्द मोठा गमतीचा आहे. सराफाच्या पेढीवर तो सोन्याचा असतो आणि तिथे तो प्रत्येकीला हवाच असतो. 'पोरीच्या अंगावर चार डाग असावेत' असे म्हणणारी आजी नातीचे हितच चिंतीत असते. स्टेशनावरचा हमाल 'डाग किती?' असे विचारतो, तेव्हा तो आपल्या चारित्र्याची चौकशी करीत नसून ट्रंका आणि वळकट्या मोजत असतो. पण हाच शब्द बैठकीच्या खोलीत गालिच्यावर येऊन बसला की घरातल्या बाईची झोप उडते. आणि तो माणसाच्या नावाला येऊन चिकटला तर काय होते, ते सावकाशीने पुढे सांगते.

दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात मला येणारे फोन मी आवाजावरूनच ओळखते. 'मावशी, कशी आहेस?' एवढे झाले की दुसरे वाक्य डागाचे. पुण्याच्या भाचीच्या गालिच्यावर चहा सांडलेला असतो, गंगापूर रोडच्या पुतणीकडे पणतीचे तेल, ठाण्याच्या सुनेच्या माहेरी मेणबत्तीचे मेण. मी सत्तरी केव्हाच ओलांडली. गुडघे दुखतात, चष्म्याचा नंबर वाढतो आहे; पण डागांच्या बाबतीत माझी वैद्यकी अजून चालू आहे. ही विद्या मी पुस्तकातून शिकले नाही. माझे गुरुकुल घरचेच, आणि गुरू म्हणजे माझ्या सासूबाई.

१९६७ साली लग्न होऊन मी नाशिकला आले. तिवंधा चौकाजवळ आमचा वाडा. बैठकीच्या खोलीत रोजच्या वापराला नाशिकरोडच्या तुरुंगात विणलेली निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची सुती सतरंजी असे. पाहुणे यायचे असले की तिच्या जागी येरवड्याच्या तुरुंगात विणलेला लाल लोकरी गालिचा पसरला जाई. तुरुंगाचा माल म्हणजे टिकाऊ माल, अशी त्या काळी मध्यमवर्गात पक्की समजूत होती. ती खोटी नव्हती. येरवड्याच्या तुरुंगात एकोणिसाव्या शतकातच गालिचे विणले जाऊ लागले होते. आग्र्याच्या तुरुंगातल्या कैद्यांनी व्हिक्टोरिया राणीसाठी विणलेला प्रचंड गालिचा तर विंडसरच्या किल्ल्यातील वॉटर्लू चेंबर नावाच्या दालनासाठी विलायतेला गेला. आमच्या नाशिकच्या तुरुंगाचे नाव महाराष्ट्रात घरोघर झाले ते वेगळ्या कारणाने. १९३३ साली साने गुरुजींनी 'श्यामची आई' तिथेच लिहिली. पण आमच्या घरात त्या तुरुंगाची ओळख आधी सतरंजीची होती. मामंजी विनोदाने म्हणत, 'ज्यांच्या नावाला डाग लागला म्हणून आपण त्यांना आत ठेवलं, त्यांच्या हातचं काम आपण डाग लागू नये म्हणून जपतो आहोत!'

जपण्याचे काम सासूबाईंकडे होते. त्या मराठी चौथीपर्यंत शिकलेल्या. रसायनशास्त्र हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. पण त्यांचे नियम असे होते की पुढे माझ्या मुलाने कॉलेजात जाऊन त्यांची कारणे शोधली, तेव्हा एकही नियम खोटा निघाला नाही.

पहिला नियम म्हणजे या लेखाचे नाव : पुसण्याआधी पुसावे. जुन्या बायकांच्या बोलण्यात 'पुसणे' म्हणजे विचारणे. 'विचारपूस' या शब्दात ते अजून शिल्लक आहे. काही सांडले की आपला हात पहिल्याने ओल्या फडक्याकडे जातो. सासूबाईंचे तोंड पहिल्याने उघडे : 'काय सांडलं? किती वेळ झाला? कुणी पाणी तर नाही ना ओतलं?' या तीन प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत त्या कुणाला गालिच्याला हात लावू देत नसत.

याचे कारण हळदीवरून लगेच कळते. हळदीच्या पिवळ्या डागावर कुणी घाईने साबण लावला की तो लालभडक होतो आणि लावणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. वास्तविक यात भिण्यासारखे काही नाही. हळदीचा रंग क्षाराशी मिळाला की लाल होतो. जुन्या पद्धतीचे कुंकू हळदीला चुना देऊनच होत असे. लिंबाचे दोन थेंब पडले की तो पुन्हा पिवळा होतो. आणि हा पिवळा एका गोष्टीला फार भितो, ती म्हणजे ऊन. हळद लागलेले पांढरे कापड दोन दिवस उन्हात टाकले की डाग आपोआप विरत जातो. गालिचाही थोडा वेळ, डागापुरताच, उन्हाला द्यावा. फार वेळ ठेवला तर हळदीबरोबर गालिच्याचा स्वतःचा रंगही उडायचा.

पानाच्या पिचकारीचेही असेच. कात आणि चुना एकत्र आल्यावर तो लाल रंग उठतो. म्हणून त्यावर साबणसोडा घातला तर चुन्यालाच साथ मिळते. तिथे आंबट हवे : ताक, दही किंवा लिंबू. चहा मात्र फसवा. दिसायला एक डाग, पण त्यात तीन पाहुणे असतात. चहाच्या पत्तीतला तुरट रंग, दूध आणि साखर. गरम पाणी घातले की दुधातला नासका भाग लोकरीत शिजून बसतो. म्हणून आधी थंड पाणी, मग रिठ्याचे कोमट पाणी, आणि शेवटी तुरट रंगासाठी थोडे लिंबूपाणी. अंडे आणि रक्त यांनाही थंड पाणीच. तेला-तुपाला तर पाणी लावूच नये. त्यावर डाळीचे पीठ किंवा शंखजिऱ्याची पूड टाकून रात्रभर ठेवावी, म्हणजे पीठ तेल पिऊन घेते. सकाळी झटकून पुन्हा नवे पीठ टाकावे. मेण वाळू द्यावे, खरवडून काढावे आणि उरलेल्यावर टीपकागद ठेवून वरून कोमट इस्त्री फिरवावी.

दुसरा नियम लोकरीचा. सासूबाई म्हणत, 'लोकर म्हणजे मेंढीचे केस. आपल्या केसांना जे लावशील तेच लोकरीला लाव.' एवढ्या एका वाक्यात किती शहाणपण होते! रिठे, शिकेकाई, ताक, लिंबू हे केसांना चालते, लोकरीलाही चालते. धुण्याचा सोडा आणि कपडे पांढरे करण्याची ब्लीचिंगची पूड आपण केसांना लावणार नाही. तीच लोकरीचाही घात करते. सुती सतरंजीला सोडा चालतो. लोकरीचा गालिचा त्याने पिवळा पडतो आणि ठिसूळ होतो, आणि ब्लीचने तर लोकर अक्षरशः विरघळते. गेल्या वर्षी एका ओळखीच्या घरी गालिच्याच्या मध्यभागी पुरीएवढे भोक पाहिले. डाग अगदी साफ गेला होता!

तिसरा नियम : टिपावे, घासू नये. घासल्याने डाग दोऱ्याच्या आत जातो आणि आजूबाजूला पसरतो. पांढरे सुती फडके डागावर दाबावे, उचलावे, फडक्याची कोरी बाजू घ्यावी, पुन्हा दाबावे. आणि हे काठाकडून मध्याकडे करीत जावे. रंगीत फडके घेतले तर त्याचाच रंग गालिच्याला लागायचा. कोणतेही औषध लावण्याआधी ते कपाटाखालच्या कोपऱ्यावर लावून पाहावे. तिथे गालिच्याचा रंग फडक्यावर उतरला तर त्या औषधाला हात जोडावेत.

चौथा नियम मला सर्वांत आवडतो, कारण तो धीराचा आहे. डाग गेला म्हणून आपण खूष होऊन झोपावे आणि सकाळी पाहावे तो तिथेच, तेवढाच! नव्या मुली म्हणतात, 'मावशी, हा डाग भुतासारखा परत येतो.' त्यात भूत नाही. आपण ओतलेले पाणी रंगाला घेऊन गालिच्याच्या तळाशी गेलेले असते. वरचा भाग वाळू लागला की तळाची ओल दोऱ्यातून वर चढते, पणतीत वातीतून तेल चढते तशी. आणि येताना रंग घेऊन येते. म्हणून पाणी थोडे थोडे वापरावे, आणि शेवटी वर कोरड्या पंच्याची जाड घडी ठेवून तिच्यावर जड वजन ठेवावे, म्हणजे वर येणारा रंग पंच्यात जातो. आमच्याकडे यासाठी वरवंटा असे. पाहुण्याने 'गालिच्यावर वरवंटा कशाला?' असे विचारले की मामंजी गंभीरपणे सांगत, 'डाग उठून पळू नये म्हणून.'

नाशिकच्या घराला डागांचा तुटवडा नाही. आमच्या गल्लीत तर रंगपंचमीला त्यांचा पूर येई. बाहेरगावच्या वाचकांना सांगायला हवे, नाशिकची खरी रंगाची मौज धुळवडीला नसते, रंगपंचमीला असते. तिवंधा चौक, शनि चौक, दिल्ली दरवाजा अशा ठिकाणी जमिनीखाली पेशवेकाळापासूनच्या दगडी रहाडी आहेत. रहाड म्हणजे रंगाचा हौद. वर्षभर तो फळ्या आणि माती टाकून बुजवलेला असतो. येणारे-जाणारे त्याच्यावरून चालतात आणि त्यांना पत्ताही नसतो. रंगपंचमीला तो उघडतात, पूजा करतात आणि फुलांपासून उकळून केलेला रंग त्यात भरतात. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला. त्यात उडी मारली, धप्पा बसला, की माणूस दोन-चार दिवस त्या रंगाचा होऊनच राहतो. आमच्या दारातच रहाड. घरातली मुले आणि मुलांचे मित्र दिवसभर आत-बाहेर करीत. सासूबाई त्या दिवशी सकाळीच सतरंजी गुंडाळून माळ्यावर टाकीत आणि उघड्या शहाबादी फरशीवर मुलांना नाचू देत. 'डाग काढण्याचा सर्वांत सोपा उपाय,' त्या म्हणत, 'सतरंजी उचलावी. मुलांना उचलून ठेवता येत नाही.'

१९६९ साली गोदावरीला मोठा पूर आला. नाशिकमध्ये पुराचे माप दुतोंड्या मारुतीवरून घेतात. त्याच्या गुडघ्याला पाणी लागले, छातीला लागले, असे लोक सांगतात. त्या वर्षी तो दिसेनासा झाला. सराफ बाजाराकडच्या आमच्या एका नातेवाइकांच्या घरात पाणी शिरले. ते ओसरल्यावर मागे राहिलेला गाळ पाहून त्यांच्या घरच्या बायका बादल्या घेऊन सतरंज्या धुवायला निघाल्या. सासूबाईंनी त्यांना थांबवले. 'चिखल ओला असताना धुतलात तर तो सुतात जाईल. आधी वाळू द्या, मग काठीने झोडपा. निम्मा आपला आपण पडेल.' आणि तसेच झाले. उरलेला निम्मा मग घाटावर नेऊन धुतला.

आता घरांतून तुरुंगाच्या सतरंज्या कमी झाल्या. नायलॉनचे आणि पॉलिप्रॉपिलीनचे गालिचे आले, फेसाचे डबे आले, धूळ ओढणारी यंत्रे आली. काही गोष्टी खरोखर सोप्या झाल्या. पॉलिप्रॉपिलीनच्या धाग्यात पाण्यातला रंग शिरतच नाही, त्यामुळे चहाबिहा सहज निघतो. पण तेलाशी त्याची दोस्ती, आणि कढत इस्त्रीने तो वितळतो. नाशिकला आता वाइनची राजधानी म्हणतात. आमच्या नातवाच्या मित्रांनी तिचाही एक पेला एकदा गालिच्याला पाजला. नातू घाबरून सोडा शोधायला धावला. मी म्हटले, 'थांब. ती द्राक्षंच ना? मग जांभळाचा डाग आणि हा डाग भाऊ-भाऊ.' हे रंग आंबटात लाल राहतात आणि सोड्यात निळे-हिरवे होतात. टिपून घेतले, थंड पाणी लावले, पुन्हा टिपले, शेवटी लिंबूपाणी. सासूबाईंनी वाइन कधी पाहिली नव्हती. पण त्यांच्या नियमात तीही बसली.

आता शाईचे सांगते. कारण शाईनेच मला हे सारे खरे शिकवले.

१९६८ च्या मार्गशीर्षात आमच्या वन्संना पाहायला मंडळी आली. वन्सं तेव्हा वीस वर्षांच्या, बी. ए. च्या वर्गात होत्या. लाल गालिचा अंथरला होता. पोहे झाले, गाण्याचे विचारून झाले. मग मुलाचे मामा म्हणाले, 'मुलीला चार ओळी लिहून दाखवू द्या.' त्या काळी अशी परीक्षा घेत. मामंजींच्या मेजावरची दौत आणि टाक आणला. वन्संनी खाली बसून, पाट मांडीवर घेऊन नाव-गाव लिहिले. अक्षर सुरेख होते. कागद हातोहात फिरला. तेवढ्यात मामांना पानाची आठवण झाली. त्यांनी तबक पुढे ओढले, त्याची कड दौतीला लागली, आणि काळपट निळी शाई गालिच्यावर पसरली.

खोलीत नऊ माणसे होती आणि नऊ जणांनी ते पाहिले. मी माजघराच्या दाराशी चहा घेऊन उभी होते; मलाही तबक स्वच्छ दिसले. क्षणभर कुणी बोलले नाही. मग मामाच हसून म्हणाले, 'असू दे, असू दे. पोरीचा हात थरथरला.' मुलाकडच्या माणसाला मुलीकडच्यांनी खोटे पाडायचे नाही, ही तेव्हाची रीत. मामंजी म्हणाले, 'असू द्या.' वन्सं मान खाली घालून आत निघून गेल्या.

आठ दिवसांनी पत्र आले, पत्रिका जुळत नाही. पत्रिका न जुळणे ही काही मोठी गोष्ट नव्हे. पण त्या वाक्याला पाय फुटले. 'हात थरथरला' याचे दोन गल्ल्या ओलांडल्यावर 'हात थरथरतो' झाले. भद्रकालीपर्यंत पोचेतो त्याचे 'फिट येते' झाले. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एका बाईंनी मला बाजूला घेऊन अगदी मायेने विचारले, 'औषध कुणाचं चालू आहे?' पुढची दोन स्थळे आमच्या दारापर्यंत आलीच नाहीत.

इकडे सासूबाईंची शाईशी झुंज चालू होती. मंडळी जिना उतरली त्याच क्षणी त्यांनी टीपकागद लावला होता. मग दूध लावून टिपले, ताक लावून टिपले, मीठ-लिंबू लावले. निळा रंग गेला. सगळ्यांना हायसे वाटले. पण सकाळी पाहावे तो तळहाताएवढा करडा डाग. दोन दिवसांत तो काळा झाला. त्या शाईचा स्वभावच तसा होता. तिच्यात दिसणारा निळा रंग केवळ लिहिताना दिसावे म्हणून घातलेला. खरी शाई म्हणजे हिराकस आणि मायफळासारखा तुरट पदार्थ. ती सांडते तेव्हा फिकट असते, आणि हवा लागत जाते तसतशी काळी व पक्की होते. सांडताना जेवढी दिसते त्याहून ती नंतर अधिक दिसते. दस्तऐवज टिकावेत म्हणून माणसाने ती मुद्दाम तशी केलेली. मग गालिच्यावर तरी ती का विरावी?

मामंजींनी कुणाला तरी विचारून ऑक्झॅलिक ॲसिडची पूड आणली. ती लोखंडाच्या डागावर चालते, पण विषारी. मुलाबाळांच्या घरात फार जपून वापरावी लागते. सासूबाईंनी आधी कोपऱ्यावर लावून पाहिले, तो गालिच्याचा लाल रंगच फिकट पडू लागला. त्यांनी पूड बांधून परत दिली. 'डाग जाईल, पण गालिचाही जाईल,' एवढेच म्हणाल्या. हा त्यांचा पाचवा नियम; तो त्यांनी कधी शब्दांत सांगितला नाही. हात कुठे आवरावा, हेही कळले पाहिजे.

त्यानंतर पाहुणे आले की त्या डागावर एक लोड ठेवला जाई. वन्सं त्या लोडाकडे बघत आणि काही बोलत नसत. त्या बी. ए. झाल्या, बी. एड. झाल्या, मुलींच्या एका शाळेत शिकवू लागल्या. दिवसभर फळ्यावर लिहीत. हात थरथरल्याचे एकाही मुलीने पाहिले नाही. पण गावात कुणी फळा पाहायला जात नाही.

१९७२ च्या सुरुवातीला जळगावचे एक स्थळ आले. मंडळी यायच्या आधी सासूबाई लोड जागेवर ठेवीत होत्या, तेव्हा वन्संनी तो उचलून भिंतीशी नेला.

'अगं, डाग दिसेल,' सासूबाई म्हणाल्या.

'दिसू दे. ज्यांना पुसायचं असेल ते पुसतील,' वन्सं म्हणाल्या. विचारतील या अर्थाने की पुसून काढतील या अर्थाने, हे मला तेव्हा कळले नाही. त्यांना दोन्ही म्हणायचे असावे.

मुलाची आई आली आणि नेमकी डागाशेजारी बसली. पोहे येण्याआधीच त्यांनी त्यावरून बोट फिरवले.

'शाई का हो?'

'हो,' वन्सं म्हणाल्या.

'कुणी सांडली?'

खोलीत पुन्हा तीच शांतता पसरली. मामंजींनी चष्मा काढून पुसायला घेतला. वन्सं सरळ त्यांच्याकडे बघून म्हणाल्या, 'मला पाहायला आलेल्या एका गृहस्थांनी. पानाचं तबक ओढताना. नंतर म्हणाले, माझा हात थरथरला.'

तीन वर्षांत आमच्या घरात हे वाक्य पहिल्यांदा उच्चारले गेले. जळगावच्या बाईंनी क्षणभर वन्संकडे पाहिले आणि त्या एकदम हसल्या. 'मग गालिचा त्यांच्याकडूनच धुऊन घ्यायचा की! ताक लावून पाहिलंत का?'

'ताक, दूध, मीठ, लिंबू, सगळं झालं,' सासूबाई पुढे सरकत म्हणाल्या.

'आमच्याकडे केळीच्या चिकाचे डाग. सतरंजी म्हणजे नुसता नकाशा झाला आहे. त्याला काही उपाय माहीत आहे का तुम्हांला?'

आणि मग दोन्ही आया त्या डागावर वाकून अर्धा तास बोलत बसल्या. केळीचा चीक हवेत काळा कसा पडतो, ओला असताना तेल लावले तर किती निघतो, सुताला काय चालते आणि लोकरीला काय चालत नाही! मुलाचे वडील आणि मामंजी एकमेकांकडे बघत राहिले. चहा निवून गेला. मुलाला आणि वन्संना एकमेकांशी बोलायला तेवढा निवांत वेळ मिळाला. तसा तो त्या काळी मिळत नसे. हस्ताक्षराचे कुणाला सुचलेच नाही. वैशाखात लग्न झाले.

मी पुष्कळदा विचार करते, त्या बाईंनी विशेष असे काय केले? त्यांनी केवळ विचारले. तेही मुलीच्या पाठीमागे चार घरे सोडून नव्हे, तर मुलीला, समोर बसून. डाग कशाचा आणि कुणाचा, एवढे दोनच प्रश्न. तीन वर्षांत गावातल्या शहाण्या माणसांपैकी एकालाही ते सुचले नव्हते. सासूबाई गालिच्यावर पाण्याचा थेंब टाकण्याआधी तीन प्रश्न विचारीत. माणसाविषयी बोलताना आपण एकही विचारीत नाही आणि थेट घासायला लागतो. मग घासल्याने जे गालिच्याचे होते तेच माणसाचे होते : डाग आत जातो आणि आजूबाजूला पसरतो.

तो गालिचा आता झिजला आहे. शाईचा डाग अजून आहे, पण चारी बाजूंनी गालिचाच इतका फिकट झाला आहे की डाग कुठला आणि सावली कुठली, हे पाहुण्यांना कळत नाही. वन्सं आजी झाल्या. जळगावहून आल्या की त्यावरच बसतात आणि नातवंडांना शुद्धलेखन घालतात.

तर वाचकहो, दिवाळी आली आहे. घरोघर गालिचे निघतील. रांगोळी सांडली तर तिला पाणी लावू नका, कोरडीच उचला. कुंकू सांडले तर फुंकर मारू नका. कागदाच्या कडेने गोळा करा. पणतीखाली ताटली ठेवा. एवढे सांभाळूनही कुणाच्या तरी हातून काहीतरी सांडेलच, कारण घर भरले म्हणजे सांडायचेच. बहुधा ते लहान मूल असेल, किंवा हात खरोखरच थरथरणारे म्हातारे माणूस, किंवा नवी सून. चहाचा कप कलंडला की सगळ्यांच्या नजरा खाली गालिच्याकडे वळतील. त्या वेळी आधी वर पाहा. 'भाजलं नाही ना?' असे पुसा. मग सावकाश पांढरे फडके आणा आणि गालिचा पुसा. चहा तेवढा वेळ थांबतो.